दुसरं बटण

"लिव्हर कुणी ओढली? अरे, आधी लिव्हर कुणी ओढली ते तर बोला!"

भीमराज उभा राहूनच ओरडला, आणि प्रोजेक्टरच्या झोतात त्याच्या डोक्याची सावली थेट यंत्रमानवाच्या पोटावर पडली.

"ओ भाऊ, खाली बसा! राक्षस दिसंना झालाय!" मागून किसन ओरडला. कँटीनभर हशा पिकला.

खिडक्यांना गोणपाटं ठोकून कँटीनमध्ये भर दुपारी अंधार केला होता. १९७९ सालच्या सुरक्षा सप्ताहाचा तो शेवटचा दिवस. दर वर्षी या दिवशी कुणीतरी साहेब येऊन भाषण करायचे आणि पहिल्या पाळीचे कामगार पेंगायचे. या वर्षी वेल्फेअर ऑफिसर नानासाहेबांनी डोकं लढवून पुण्याहून एका जपानी सिनेमाची रिळं आणवली. हिंदीत बोलणारे जपानी, समुद्रातून निघालेला राक्षस आणि त्याच्याशी झुंजणारा ताडमाड लोखंडी यंत्रमानव. याचा सुरक्षेशी काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. फुकटचा सिनेमा, वर बटाटेवडा. विचारतो कोण?

भीमराजलाही आधी मजाच वाटत होती. त्या सिनेमात एक बुटका मिस्त्री होता. तेलाची बुधली घेऊन यंत्रमानवाच्या गुडघ्यात शिरायचा, नट आवळायचा, बाहेर येऊन बाहीनं कपाळ पुसायचा. असा माणूस भीमराजनं शंभरदा पाहिला होता, फक्त जपानी नव्हता. मग राक्षस शहरात घुसला. वर काचेच्या खोलीतल्या देखण्या कप्तानानं लिव्हर ओढली, गुडघा मिटला आणि मिस्त्री आतच राहिला. कप्तानानं टोपी काढली. "मशीन की कोई गलती नहीं. आदमी लापरवाह था," असं म्हणून टोपी परत घातली. यंत्रमानवानं राक्षसाला शेपटीला धरून गरागरा फिरवलं आणि शिट्ट्यांनी कँटीनचे पत्रे थरथरले.

भीमराज खाली बसला. त्याचा सिनेमा तिथंच संपला होता.

बाहेर वड्याच्या रांगेत जो तो जाणकार झाला.

"त्या लोखंडाला आमच्या मोशीत आना," किसन म्हणाला. त्याचं घर मोशीतलं, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं. तो स्वतः पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होता. "इंद्रायनीच्या गाळात रुतला न्हाई तर नाव बदलीन. बैलं लावून काढावा लागंल."

"राक्षस रबराचा होता राव. बगलेत शिवण उसवलेली दिसली मला."

"पण काम कसं केलं बघा," फोरमन सोपानराव म्हणाले. "चहा नाही, रजा नाही, युनियन नाही. असे चार द्या मला."

सगळे हसले. फोरमननं विनोद केला की हसायचं असतं.

"आणि मिस्त्री?" भीमराजनं विचारलं.

"कोन मिस्त्री?"

"गुडघ्यात मेला तो."

किसन वडा चावता चावता थांबला. "मेला व्हय त्यो? मला वाटलं निघाला आसंल भायेर."

माणूस मेल्याचंही लक्षात राहू नये! भीमराजच्या हातातला वडा तसाच गार झाला.

तेवढ्यात नानासाहेब चिठ्ठ्या वाटत आले. सिनेमाबद्दल प्रत्येकानं अभिप्राय लिहायचा, निवडक अभिप्राय कंपनीच्या पत्रिकेत नावासह छापायचे, पहिल्याला चार पुडाचा स्टीलचा डबा. भीमराजनं वडा बाजूला ठेवून उजव्या हातानं चिठ्ठी घेतली. डावा खिशात होता. पाच वर्षं तो खिशातच असायचा.

प्रेसला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आणि पत्र्याशी एकही नाही. ज्यानं ही युक्ती काढली त्याच्या आईनं त्याला नीट वाढवलं असणार. पण तशानं काम हळू होतं. म्हणून डाव्या बटणाच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायची; ते दाबलेलंच राहतं. मग उजव्यानं बटण मारा, डाव्यानं पत्रा सारा. पाचर ठोकायला सोपानरावांनीच सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे तोंडानं. असल्या गोष्टी कुणी लिहून देत नाही.

भीमराजची तीन बोटं गेली, तेव्हा डॉक्टर यायच्या आधी पाचर काढून टाकली गेली. दवाखान्यात त्याच्यापुढे कागद आला: कामगाराचा निष्काळजीपणा. "सही कर, स्टोअरला हलकं काम देतो," सोपानराव म्हणाले होते. उजवा हात शाबूत होता. त्यानं सही केली. पुढच्या वर्षी कँटीनच्या भिंतीवर चित्र लागलं, तीन बोटं नसलेला लाल हात, खाली 'निष्काळजीपणाची किंमत'. नाव नव्हतं. कशाला हवं? चार वर्षं तो त्या हाताकडे पाठ करून जेवत होता.

पिंपरीच्या चाळीतल्या खोलीत येऊन त्यानं चिठ्ठी पाटावर ठेवली. ती पुरली नाही, म्हणून पोरीच्या वहीतलं पान फाडलं.

"सिनेमावर लिहायचंय का कुणाच्या नावानं फिर्याद?" त्याच्या बायकोनं, कस्तुरानं विचारलं. तिचे हात परातीत होते आणि नजर त्याच्यावर.

"एकच आहे ते." त्यानं वाचून दाखवलं: मिस्त्री राक्षसानं मारला नाही, आत माणूस आहे का हे न बघता लिव्हर ओढणाऱ्यानं मारला. त्याला लापरवाह म्हणणं हा खोटेपणा आहे. आपल्या प्रेसलाही पाचरी मारलेल्या असतात. माझ्याही होती. मी निष्काळजी नव्हतो.

कस्तुरानं पीठ मळणं थांबवलं. "चांगलं आहे. आणि पाचरी देतं कोण?"

त्यानं कागद पाटावर ठेवला.

पाचरी टूल स्टोअरमधून मिळत. खोक्यांच्या फळ्यांच्या, मापात तासलेल्या. खिडकीवर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवला की पाना मिळे, हातोडी मिळे. बिल्ला खिळ्यावर टांगला जाई. पाचरीला बिल्ला नसे. 'भाऊ, एक द्या, जुनी गुळगुळीत झालीय' म्हणायचं, की खिडकीतून पाचर बाहेर यायची. खिडकीत पाच वर्षं भीमराजच होता.

"मला द्यायला लावतात," तो म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?" कस्तुरा म्हणाली आणि पुन्हा पीठ मळू लागली. "तुम्ही कप्तानाला विचारत होता ना, म्हणून आठवलं."

बऱ्याच वेळानं त्यानं खाली दोन ओळी वाढवल्या: 'या पाचरी मीच खिडकीतून देत आलो. यापुढं देणार नाही.' सही केली, तीही पूर्ण नावाची.

महिन्यानं पत्रिका आली. पहिलंच नाव त्याचं होतं.

'यंत्रमानवाची शक्ती पाहून थक्क झालो. कामगाराने निष्काळजी राहू नये हा मोलाचा बोध मिळाला. – भीमराज, टूल स्टोअर.'

एवढ्या शब्दांतून नेमका 'निष्काळजी' हाच उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातला होता, आणि या वेळी तर सहीसुद्धा मागितली नव्हती. तो तसाच नानासाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अहो, सारांश आहे तो," नानासाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "जागा कमी असते."

"मग माझा शब्द सोडून दुसऱ्याचा घालायला जागा कुठून झाली?"

"भीमराज, हळू. पहिलं बक्षीस दिलंय की तुम्हाला. एवढा डबा घरी न्या, वहिनी खूश होतील."

"तिनंच पाचरीचं विचारलं होतं," भीमराज म्हणाला. "तिला काय सांगू? डब्यात मावली नाही म्हणून?"

डबा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसन खिडकीवर आला. "भाऊ, एक पाचर द्या. आन् अभिनंदन, पैला नंबर काढला तुमी!"

"पाचर नाही."

"संपल्या?"

"आहेत. देणार नाही."

किसन हसला, मग हसायचा थांबला. त्यानं जाऊन सोपानरावांना आणलं. फोरमन खिडकीत वाकले. "काय नाटक लावलंय? लाइन उभी आहे माझी. दे त्याला."

भीमराजनं एक कोरी चिठ्ठी खिडकीच्या फळीवर सरकवली, वर पेन्सिल ठेवली. "लिहून द्या साहेब. पाचर एक, प्रेसच्या डाव्या बटणासाठी. खाली सही. लगेच देतो."

"स्टोअरमधून तुला झाडू मारायला पाठवीन. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तेही लिहूनच द्या."

सोपानरावांनी पेन्सिल उचलली. चार माणसं मागं येऊन उभी राहिली होती, कुणाला पाना हवा होता, कुणाला काही नको होतं. फोरमननं त्यांच्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली, आणि "बघतो तुला," म्हणून निघून गेले.

किसन जरा वेळ घुटमळला. मग काही न मागता प्रेसकडे गेला. थोड्या वेळानं त्याच्या प्रेसचा आवाज सुरू झाला. रोजच्यासारखा धडाधड नव्हता. एक धप्प, मग थांबणं, मग दुसरा धप्प. मध्ये दोन्ही हात बटणांवर ठेवायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढं अंतर.

डोक्यावरच्या पंख्यानं कोरी चिठ्ठी फडफडू लागली. भीमराजच्या उजव्या हातात पाना होता. त्यानं खिशातून डावा हात काढला आणि सगळ्यांदेखत चिठ्ठीवर ठेवला.

"हं, पुढचा," तो म्हणाला. "बिल्ला?"