पालथ्या टबाची पूजा

टिटवाळ्याच्या सुमतीबाईंनी लेकीला सरळ सांगून टाकलं होतं, "भूकंपाच्या मुलखात जायचं नाही." मैथिलीनं ते नेहमीप्रमाणे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

तिकडे हिमालयात मोठा भूकंप झालेला. डोंगरच्या डोंगर झाडांसकट नद्यांत कोसळलेले. ती झाडं पाण्यात कुजतात, नद्या भसाभस वायू सोडायला लागतात, आणि तो किती सुटतो हे मोजायला मैथिली निघाली होती. नदीनं काय सोडलं ते मोजायलाही माणसं जातात, याचं सुमतीबाईंना आधी हसूच आलेलं. पण टीव्हीवर रोज नवे धक्के दिसायला लागले, तशी त्यांची झोप उडाली.

त्यासाठी तिनं घरीच जुळवलेलं यंत्र म्हणजे भोवती थर्माकोल बांधलेला पालथा टब, त्याच्या डोक्यावर नळी, आणि नळीला आकडे दाखवणारी डबी. टब पाण्यावर सोडला की आत वायू साठतो आणि आकडे चढतात. चाचणीसाठी टिटवाळ्याच्याच काळू नदीवर मात्र दोनदा नेऊनही ते ढिम्म हलले नव्हते. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर मैथिलीच्या जागी प्रेम नावाचा दुसरा संशोधक जाणार होता. कधी न पाहिलेला हा प्रेम सुमतीबाईंना फार आवडायला लागला होता.

रविवारी सकाळी मैथिली तोंड पाडून आंघोळीला गेली. घरात मिक्सर आला तरी ओवाळल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही सुमतीबाईंची रीत. आणि या टबाला अजून साधं कुंकूही लागलं नव्हतं. लेकीवरचा राग यंत्रावर कशाला? त्यांनी कुंकू लावलं. पंख्यानं उदबत्तीची राख उडायला लागली, म्हणून टब जरा उचलून उदबत्तीचं घर आत सरकवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर नळीच्या बुडाशी बारीक धूर.

कुकरची वाफ कुठून निसटतेय हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. नदीचा वायूही इथूनच पळत होता तर! आता उदबत्ती काढायची, कुंकू पुसायचं आणि गप्प बसायचं. लेक घरातच राहणार.

त्यांचा हात कुंकवापर्यंत गेलाही. तेवढ्यात बाथरूममधून नाक ओढल्याचा आवाज आला. नळ सोडून रडायची मैथिलीची सवय लहानपणापासूनची. सुमतीबाईंनी हात मागे घेतला.

"मैथिली! आधी बाहेर ये. तुझा टब बघ, गळतोय!"

नळीच्या बुडाला एम-सील थापलं, सुकू दिलं आणि दुपारी दोघी रिक्षानं काळूवर गेल्या.

"आई, चढतायत गं! आकडे चढतायत!" मैथिली गुडघाभर पाण्यात नाचायला लागली. काठावर सुमतीबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"पण तूच नको जाऊ म्हणालेलीस ना?"

"अजूनही म्हणतेय," सुमतीबाई म्हणाल्या. "पण घरी बसायचं तर माझं ऐकून बस. त्या एवढ्याशा भोकाचं ऐकून बसलीस, तर आईची काय किंमत राहिली?"