विनीने धुतलेले पिंप

मी एक जुने पिंप आहे, मित्रांनो. पांढऱ्या प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे, पंचवीस लिटर पोटाचे. माझ्यात घरची बिअर आंबत असे. बिअर तुमच्या वयाची नव्हे, पण माझी गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण ती धुण्यापुसण्याची आहे.

कारखान्यातल्या साच्यातून मी गरमागरम बाहेर पडले आणि इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये, घरी बिअर करायचे सामानही विकणाऱ्या एका औषधांच्या दुकानात येऊन बसले. तिथून मला क्लिफ ओग्डनने उचलले. तो पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. मला मांडीवर घेऊन तो बसने घरी आला, तेव्हा त्याची बायको विनी दारातच हसत सुटली.

"अरे, हे काय आणलंस? यात तुला आंघोळ घालू की काय?"

"बिअर करणार मी. तू नुसती बघत राहा."

"बघत कसली राहते! पसारा निस्तरायला मीच आहे की."

आणि तिने तो तीस वर्षे निस्तरला. क्लिफ मोड आणलेल्या जवाचा काढा उकळे, त्यात हॉपची कडू फुले टाके, निवल्यावर यीस्ट सोडे. मग आठवडाभर माझ्या पोटात फसफस चाले. बाटल्या भरल्या की स्वारी शिट्टी वाजवत मित्रांकडे जाई आणि मी तळाला चिकट गाळ घेऊन सिंकपाशी विनीची वाट पाहत बसे.

विनी आधी बोटातली अंगठी काढून ठेवी. मग कोमट पाणी घालून जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने मला आतून पुसून घेई. तोटी खोलून तिच्यातली इवलीशी रबरी चकतीसुद्धा धुई. एकदा क्लिफ माझ्यात कांदे मुरवायला निघाला, तर तिने त्याला हाकलून लावले. प्लास्टिक वास धरून ठेवते, हे तिला ठाऊक होते. गल्लीत नाव मात्र क्लिफचे झाले. "काय हात आहे गड्या तुझा!" असे शेजारचा नॉर्मन म्हणे आणि क्लिफ फुगून जाई. अरे, एकदा तरी सिंककडे बघा, असे मला फार वाटे. पण पिंपाला कोण विचारतो?

एका मार्चमध्ये न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि विनी गेली. कबरीवरची माती नीट बसल्याशिवाय आमच्याकडे नाव कोरलेला दगड उभारत नाहीत, म्हणून दगडाचा दिवस सप्टेंबरात ठरला. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात विनीच्या आवडीची हलकी बिअर द्यायची, असे क्लिफने मनाशी धरले. रविवारच्या जेवणाबरोबर ती अर्धा पेला घेई, तीच बिअर. दुसरे काही करण्यासारखे त्याच्यापाशी उरले नव्हते.

तिच्यासाठीची बिअर, म्हणून पिंपही तसेच हवे. सहा महिने मी शेडमध्ये धूळ खात पडले होते. पोलादात जन्म गेलेला माणूस तो. चकाकल्याशिवाय त्याला काही स्वच्छ वाटेचना. त्याने माझ्यात उकळते पाणी ओतले आणि तारेची घासणी घेऊन सकाळभर मला खसाखसा घासले. घासताना रडत होता बिचारा. "विनी, बघ कसं लख्ख करतो," असे म्हणत होता. मित्रांनो, इतक्या मायेने त्याने मला कधी हात लावला नव्हता, आणि इतके घायाळही कधी केले नव्हते. प्लास्टिकवरचा ओरखडा म्हणजे जंतूंचे घर. मग वरून कितीही औषध घाला, आत दडून बसलेले मरत नाहीत. हे मला कळत होते. सांगायला तोंड नव्हते.

दगड उभारून माणसे घरी आली. हॅमची सँडविचेस फिरली, बिअर फिरली. नॉर्मनने घोट घेऊन डोळे मिटले, "छान झालीय हं," म्हणाला आणि पेला हळूच कुंडीमागे ठेवला. सगळेच छान म्हणाले, पण कुणाचा पेला रिकामा होईना. विनीची थोरली बहीण हिल्डा तेवढी फटकळ.

"क्लिफ, आंबट झालीय ही. यापेक्षा व्हिनेगर बरं."

"या वेळी जवच जरा..."

"जवाला बोल लावू नकोस. पिंप कोणी धुतलं?"

"मी. तारेच्या घासणीने. चांगलं सकाळभर."

हिल्डा तडक शेडमध्ये आली आणि तिने माझ्या आतून बोट फिरवले. क्लिफ दारात उभा होता.

"आमची विनी याला नखसुद्धा लागू द्यायची नाही रे."

"मला कधी बोलली नाही ती."

"तू कधी विचारलंस?"

क्लिफ घरात जाऊन म्हणाला, "ओतून टाका सगळी. माझ्या हाताला कसलाच गुण नव्हता. तीस वर्षं बिअर तिने केली, मी नुसता ढवळत होतो."

आता मी परसात आंबट देठांच्या रुबार्बच्या रोपावर उपडे आहे. अंधारात त्याचे देठ कोवळे राहतात, म्हणून. काम हलके आहे, पण माझे नव्हे.

मित्रांनो, प्लास्टिकच्या भांड्याला तार लावू नका. त्याचा ओरखडा कधी बुजत नाही. आणि तुमचा डबा रोज कोण धुते, कसे धुते, ते विचारा. ते माणूस घरात आहे तोवर विचारा.

क्लिफ देठ तोडायला येतो, माझ्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "विनी, पाणी किती कोमट घ्यायचीस गं?"

मनगट बुडवून बघायची ती. मला ठाऊक आहे. त्याला सांगता येत नाही.