सुनावणीच्या आधीची तारीख

वित्त विभागात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण कुणाचीही टिपणी त्याच्या टेबलावर आली की सरळ होऊनच पुढे जायची. फाइल कुठेही अडलेली असो, मास्तरने दोन वाक्यं इकडची तिकडे केली की चालू लागायची, अशी त्याची ख्याती.

साथीच्या दुसऱ्या वर्षी केंद्राचा मदतनिधी राज्याच्या हाती पडला. अट एकच होती: खर्चाचा साथीशी संबंध दिसायला हवा. सरकारला मात्र नवा तुरुंग हवा होता. जुन्याच्या भिंतींना तडे गेले होते, न्यायालयाने दोनदा कान उपटले होते आणि तिजोरीत त्यासाठी दमडी नव्हती. उपसचिवांनी मास्तरला बोलावून घेतलं.

"तुरुंग आणि साथ यांची सांगड घालायची आहे. एका पानात."

"ओढूनताणून वाटेल, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

दाटीमुळे कैद्यांमध्ये संसर्ग पसरतो, सबब पुरेसं अंतर राखता येईल अशी इमारत ही आरोग्याचीच गरज होय. दुपारच्या चहाआधी पान तयार झालं. साहेब खूश झाले. मास्तरलाही, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

घरी त्याची थोरली बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. सरकारी दवाखान्यात वॉर्डात राबून त्याला शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. साथीत तिच्या वॉर्डात अकरा जणी होत्या. त्यातल्या तिघी गेल्या. मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सरकारने मदत जाहीर केली, पण या बायका कंत्राटी. दवाखाना म्हणे ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदाराने काखा वर केलेल्या.

अशात निधीबद्दल जनसुनावणी जाहीर झाली. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. वॉर्डातल्या बायकांनी ताईला पुढे केलं.

"तू लिहिण्यातला माणूस," ती त्याला म्हणाली. "मला नीट बोलायला शिकव."

त्याची टिपणी मंजूर होऊन दोन दिवस झाले होते. सुनावणी फक्त केंद्राला कागद दाखवण्यापुरती होती. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तो म्हणाला, "लिहून काढ आधी. मग बघू."

मग रोज संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली की हातपाय धुऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि तो फोनवर वेळ लावायचा.

"हातमोजे आम्ही धुऊन कठड्यावर वाळत घालायचो," ती बोलायची. "आमच्यात एक ठेंगणी होती. चिमणी म्हणायचो आम्ही तिला. झगा पायात यायचा म्हणून ती कमरेला सुतळी बांधायची. तिला जाऊन—"

"सुतळीचं काढ, ताई. वेळ जातो."

"वेळ जातो होय," म्हणत ती कागदावर काट मारायची. अशा आठ संध्याकाळी गेल्या.

सुनावणीच्या दिवशी मंचावर सात खुर्च्या होत्या. त्यातल्या तीन रिकाम्या, आणि चौथीवरचे गृहस्थ फोनमध्ये मान घालून बसलेले. मास्तर कडेच्या टेबलावर इतिवृत्त लिहीत होता. ताई उभी राहिली. इस्त्रीची साडी, हातात कागद. पण कागदाकडे तिने पाहिलंच नाही. सुतळीसकट सगळं सांगितलं. मागणीवर आली तेवढ्यात घंटी वाजली.

"आणखी एकच वाक्य आहे," ती म्हणाली.

"लेखी द्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे."

खाली बसताना तिने भावाकडे बघितलं. जमलं का रे, असं विचारणारी नजर. त्याने मान डोलावली.

ती नजर त्याची पाठ सोडेना. निर्णयाचा अंतिम मसुदा टाइप करताना त्याने मदतीच्या कलमात चार शब्द घुसडले: कंत्राटी वॉर्ड सेविकांच्या कुटुंबीयांसह. कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्याला वाटलं होतं. उपसचिवांच्या लक्षात आलं.

"मास्तर, हे कुणी घालायला सांगितलं?"

खोलीत पंखा फिरत होता. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. निदान ऐकून तरी घेतलं असतं.

"नजरचुकीने आलं, साहेब."

"काढून टाका."

त्याने तिथेच उभ्याउभ्या, स्वतःच्या हाताने, त्या चार शब्दांवर रेघ ओढली.

निर्णयाची प्रत दवाखान्याच्या फलकावर लागली. संध्याकाळी ताईने फोनवर काढलेला त्या प्रतीचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"वर टिपणीची तारीख आहे. सुनावणीच्या दहा दिवस आधीची."

"हो."

"तूच लिहिलीस ना? 'सबब' तुझ्याशिवाय कोण लिहितं?"

"मी नाही तर दुसऱ्याने लिहिलं असतं, ताई."

"लिहिलं असतं. नोकरी आहे तुझी, ते कळतं मला." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"चिमणीची आई पहिल्या रांगेत होती. दोन बस बदलून आली होती. मीच तिला बोलावलं होतं, माझा भाऊ वित्त विभागात आहे म्हणून."



भांडण झालं नाही. महिनाअखेरीस तिने दवाखान्याजवळ दोघींबरोबर खोली घेतली. येणंजाणं जवळ पडतं, असं शेजाऱ्यांना सांगितलं. पुढे ठेका संपला तेव्हा उरलेल्या आठपैकी पाच जणींना काढलं. ताई राहिली. तुरुंगाच्या पायाभरणीचं भाषण मास्तरनेच लिहिलं; टाळ्याही पडल्या म्हणे.

रविवारी तो तिच्याकडे जातो. ती जिना उतरून फाटकापाशी येते, खोकला कमी आहे का विचारते, वेळेवर जेवत जा म्हणते. वर ये, असं म्हणत नाही.