असली विंडोज

माणसाला कुणी एकदा ‘तुम्ही जाणकार’ म्हटलं, की त्याचं निम्मं वाटोळं तिथंच होतं. उरलेलं तो स्वतः करतो. हर्षदचं असंच झालं.

हर्षद मूळचा पुण्याचा, राहायला हैदराबादेत तारनाक्याला, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मॅनेजर म्हणजे दिवसभर मीटिंगा. कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. ऑफिसात नुसता माउस बिघडला तरी तक्रार टाकून तो चहाला निघून जायचा. पण मराठी मंडळातल्या म्हाताऱ्यांना हे कोण सांगणार? त्यांच्या लेखी तो ‘कॉम्प्युटरवाले हर्षदराव’. आणि यानंही कधी ‘नाही हो, मला त्यातलं फारसं येत नाही’ असं तोंडातून काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती नुसती झाकलेली ठेवायची होती, तेवढंही त्याला जमलं नाही.

सुरुवात झाली ती हिम्मतरावांपासून. हिम्मतराव अंबरपेठेत राहायचे. घराणं निजामाच्या काळातलं, मराठवाड्याकडचं, शेतीवाडीचं. हे स्वतः रेल्वेतून निवृत्त झालेले आणि वागायला सरळ, इतके सरळ की लोकांना त्याचा त्रास व्हायचा. मंडळाची स्मरणिका काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. जुनी जुनी माणसं ते घरी बोलवायचे, चहा पाजायचे, ‘तुम्ही हैदराबादेत कसे आलात, काय भोगलंत, सांगा’ म्हणायचे, आणि समोरचा बोलत असतानाच आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करून घ्यायचे. कागद नाही, वही नाही. जे होतं ते त्या कॉम्प्युटरात.

तर झालं असं, की मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी तो कॉम्प्युटर पडद्याला जोडला. जुने फोटो दाखवायचे होते. फोटो दिसले, आणि प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरंही दिसली, ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “काका, चोरीचं विंडोज आहे तुमचं.” लोक हसले. हिम्मतराव हसले नाहीत. दुकानदारानं कॉम्प्युटर जोडून देताना काय घातलं होतं त्यांना काय माहीत? पण त्यांचे कान लाल झाले ते झालेच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी असली, म्हणजे अस्सल विंडोज विकत घेतलं आणि हर्षदला फोन लावला.

“हर्षदराव, हे नवीन घालून द्या. माझ्या घरात चोरीचा माल नक्को.”

“द्या की काका. अर्ध्या दिवसाचं काम,” हर्षद म्हणाला. बायको शर्वरी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “तुला येतं ते?” तर म्हणे, “त्यात काय येण्यासारखं आहे?”

शनिवारी त्यानं कॉम्प्युटर उचलून तारनाक्याला आणला. आता खरं सांगायचं तर काम त्यानं वाईट केलं नाही. आधी हिम्मतरावांच्या सगळ्या फायली आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. मग जुनं सगळं पुसलं, नवीन विंडोज चढवलं, पाकिटावरचे आकडे-अक्षरं एकेक करून भरली. थोडा वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग पडद्यावर आलं, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालं आहे. कोपऱ्यातली ती पुसट अक्षरं गेली. हर्षदला इतका आनंद झाला की त्यानं शर्वरीला हाक मारून तो रिकामा कोपरा दाखवला. इथं थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती.

फायली परत घालण्याआधी त्यानं सहज एक उघडून पाहिली. आणि आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा, नुसता बाजार. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. हर्षदनं खुर्ची मागं सरकवली. नुकतंच ऑफिसात त्यांना बसवून शिकवलं होतं, की असा एक व्हायरस असतो, तो फायलींना कुलूप घालतो, आत सगळं गिचमिड करून टाकतो आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरतो. शिकवणी चालू असताना हा फोनवर मेल बघत होता. पण भीती तेवढी डोक्यात राहिली. त्याचा ऑफिसचा लॅपटॉप त्याच टेबलावर होता. तो गेला तर नोकरीवर येईल, हे त्याला आधी सुचलं. हिम्मतरावांना एक फोन करावा, ‘काका, हे असं का दिसतंय’ विचारावं, हे सुचलंच नाही असं नाही. सुचलं. पण जाणकारानं विचारायचं म्हणजे काय? त्यानं आपल्या हार्ड डिस्कवरची ती सगळी नक्कल पुसली. नुसती पुसली नाही, परत कधी सापडू नये अशी मुळासकट घासून काढली. ऑफिसच्या नियमांनी अंगाला जडलेली चांगली सवय, दुसरं काय.

रविवारी सकाळी तो कॉम्प्युटर घेऊन अंबरपेठेला गेला. मालनबाई, हिम्मतरावांच्या मंडळी, सोफ्यावर बसून मोबाईलवर बोटानं काहीतरी सरकवत होत्या. त्यांनी चहा आणला, बशीत उस्मानिया बिस्किटं ठेवली. हिम्मतराव पडद्यासमोर चष्मा वर-खाली करत कोपरा न्याहाळत होते.

“गेलं बघ मालन ते. आता हा असली झाला.”

“झाला, काका,” हर्षद म्हणाला. व्हायरसचं कसं सांगावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

हिम्मतराव उठले, कपाट उघडलं आणि आतून एक जुनी सीडी काढून आणली. पोरगं झोपलेलं असावं तशी दोन्ही हातांवर धरून. “आता ही घाला. आपल्या मराठी अक्षरांची आहे. जुन्या पद्धतीची अक्षरं ना ती, ही घातल्याशिवाय फायली उघडल्या तर सगळं इंग्रजी गिचमिड दिसतं. मागं एकदा मीच घाबरलो होतो. वाटलं, सगळं बरबाद झालं. अन् ही घातली की झालं, जसंच्या तसं.”

हर्षदच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

फायलींना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. व्हायरस नव्हता, कुलूप नव्हतं. इतक्या माणसांचं बोलणं तिथं शाबूत बसलं होतं, फक्त अक्षरांचा अंगरखा तेवढा घालायचा राहिला होता. आणि यानं ते आपल्या हातानं घासूनपुसून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हाच सांगायचं होतं. ‘काका, चुकलो’, एवढेच दोन शब्द. हिम्मतराव सीडी पुढे धरून उभे होते, आणि हर्षदच्या तोंडून निघालं, “काका, फायली आधीच गेल्या होत्या. व्हायरस होता आत.”

“व्हायरस? तो कसा आला?”

“येतो... कुणी गेमबीम खेळलं की येतो.”

बघा, नाव त्यानं कुणाचं घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. हिम्मतरावांनी वळून बायकोकडं पाहिलं. मालनबाई एके काळी दुपारी त्याच कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसायच्या, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

“तुझे ते पत्ते,” हिम्मतराव म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “लोकांनी विश्वासानं सांगितलेलं सगळं घालवलंस.”

मालनबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा हर्षदकडं पाहिलं, आणि चहात विरघळलेल्या बिस्किटाची ती कपबशी उचलून आत नेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच बसलेला, पाहुणा म्हणून.

त्यानंतर हर्षदनं काय काय केलं ते विचारू नका. पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं लावून पाहिली, ऑफिसातल्या पोरांना ‘एका मित्राचं असं झालंय’ म्हणून विचारलं. काही हाती लागलं नाही. मंडळात मात्र बातमी पसरली, की मालनबाईंच्या पत्त्यांपायी स्मरणिका बुडाली. कुणी कुणी पुन्हा सांगायला तयार झाले. पण दत्तोबांचं काय? दत्तोबा मंडळातले सगळ्यांत वयस्कर. त्यांनी हिम्मतरावांसमोर बसून आपलं सगळं आयुष्य सांगितलं होतं, गाव कसं सोडलं, इथं कुणाच्या ओसरीवर निजले, पहिला पगार कसा आला, सगळं. आणि त्यानंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. आता त्यांना एवढंच आठवायचं, की आपण काहीतरी सांगितलंय आणि ते छापून येणार आहे.

शर्वरी एकदा म्हणाली, “अरे, जेवत का नाहीस नीट?” हर्षद म्हणाला, “पित्त झालंय.” लाजेलाही माणूस पित्त म्हणतो.

मग मंडळाची सभा आली. नारायणगुड्याला एका शाळेचा हॉल घेतला होता. हिम्मतरावांनी हौसेनं कॉम्प्युटर पडद्याला जोडला. लोकांकडून पुन्हा गोळा केलेले फोटो आले, आणि कोपरा स्वच्छ. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “हे आपल्या हर्षदरावांनी फुकट करून दिलं. आज मंडळाकडून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.”

नाही म्हणायला हर्षदला वेळच मिळाला नाही. टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी त्याला दंडाला धरून उठवलं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यानं शर्वरीकडं पाहिलं तर ती मोबाईलनं फोटो काढत होती. धरणीमाय पोटात घे म्हणावं, तर खाली शाळेची फरशी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला शाल अंगावर असताना कळलं.

तो खाली उतरणार तोच मालनबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माईक नको म्हणाल्या.

“मला एक बोलायचंय. माझ्या पत्त्यांपायी तुमचं सगळ्यांचं सांगितलेलं गेलं, असं म्हणतात. तर मी माफी मागते. दत्तोबा, तुमची तर हात जोडून मागते.” आणि त्यांनी हात जोडले. पण बघत होत्या हर्षदकडं. पापणी न लववता.

हिम्मतराव मान खाली घालून उभे होते. हर्षदनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आणि मग त्याला कळलं, की आता नाही बोललो तर ही शाल आपल्याला जन्मभर पांघरावी लागेल.

“काकूंनी काही केलेलं नाही,” तो म्हणाला. आवाज स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. “व्हायरस नव्हताच. फायली चांगल्या होत्या. अक्षरांची सीडी नव्हती म्हणून मला वाचता आल्या नाहीत, आणि मी त्या पुसून टाकल्या. न विचारता. नंतर काकांना खोटं सांगितलं.”

शर्वरीचा मोबाईल खाली आला.

“सुटले बाई,” मालनबाई म्हणाल्या. “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्या डब्यापुढं बसलेच नाही. पत्ते मी मोबाईलवर खेळते. तू आलास तेव्हाही तेच चाललं होतं. यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण यांनी कधी बघितलंय का, बायको घरात काय करते ते?”

“काकू, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“मी कशाला बोलू? तोंड तुझं होतं. मी म्हटलं, बघू तरी, किती दिवस शिवून ठेवतो.”

हिम्मतराव माईकच्या वायरीशी चाळा करत होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं, काही बोलायला गेले, आणि आपण त्या पत्त्यांवरून चारचौघांत तिला किती वेळा सुनावलं ते आठवून थांबले. हर्षदनं शाल काढून खुर्चीवर ठेवली. नारळाचं काय करावं ते त्याला कळेना.

पुढच्या रांगेत दत्तोबा बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. आतापर्यंत ते मान हलवत, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. आता कानामागं हात धरून ते हर्षदकडं वळले. कुणीतरी उभं राहून बोलतंय म्हणजे चांगलंच काही असणार, अशा हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, “काय म्हणाला हा? माझं छापून आलं का?”

मालनबाईंनी हर्षदला पुढं यायची खूण केली.

“त्यांना सांग,” त्या म्हणाल्या. “जवळ जाऊन, मोठ्यानं सांग. त्यांचं गेलंय.”

हर्षद दत्तोबांच्या खुर्चीपाशी खाली बसला, नारळ फरशीवर ठेवला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.