दहापैकी आठ

ओस्टरवॉर्डच्या चित्रपट महोत्सवाला महोत्सव म्हणायचे ते निव्वळ सौजन्य म्हणून. चार दिवस, नऊ चित्रपट, मासळीच्या लिलावाचा जुना हॉल आणि कुठल्याशा बंद पडलेल्या नाट्यगृहातून उचलून आणलेल्या दोनशे दहा खुर्च्या, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. त्याच्या पारितोषिकाची बाब मात्र निराळी. पहिल्या आलेल्या चित्रपटाला उत्तरेकडची चौदा लहान चित्रपटगृहे प्रत्येकी दोन आठवडे देतात. ज्याच्या पाठीशी वितरक नाही त्याला पडद्यापर्यंत नेणारा आमच्या भागात दुसरा रस्ता नाही. दुसऱ्या आलेल्याला फुले मिळतात.

यंदा परीक्षक तिघे होतो. मी, विपके टर्पस्ट्रा, चित्रपटाचा इतिहास एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. लुब्बर्ट, तीन चित्रपटगृहांचा मालक, जो कोणताही चित्रपट मध्यंतरात कॉफी किती खपेल या एकाच कसोटीवर घासून पाहतो. आणि योप्पे, वय सत्तावीस, इंटरनेटवर चित्रपटांविषयी बोलणारा. माझ्या सगळ्या पुस्तकांना मिळून जितके वाचक लाभले, तितके ऐकणारे त्याला एका दुपारी लाभतात. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

नियम मात्र माझ्यामुळे बदलला होता. दोन वर्षांपूर्वी मी परीक्षक असताना आमची चर्चा साडेचार तास चालली. त्यातले चार तास मी बोलत होते, असे म्हणतात.

"तू बोलायला लागलीस की बाकीचे भुकेने शरण येतात गं," महोत्सवाची संचालिका खेरब्रिख मला पहिल्याच सकाळी म्हणाली. "म्हणून यंदा चर्चा बंद. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, पाकिटात घालायचे. बेरीज करायची, संपलं. आणि निकालानंतर सगळे गुण नावासकट फळ्यावर लावायचे. पारदर्शकता!"

"बुद्धीचा प्रश्न बेरजेने सुटतो हे मला ठाऊक नव्हतं."

"सुटत नाही, पण सूप गरम राहतं," खेरब्रिख म्हणाली.

नऊपैकी सात चित्रपटांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. आठवा होता एका विधुराचा. त्याला समुद्रकिनाऱ्यावर एक बेवारस कुत्रा सापडतो आणि पुढच्या शंभर मिनिटांत तो कुत्रा त्याला दुःख, अबोल मुलगी व गुडघेदुखी या तिन्हींतून बाहेर काढतो. चित्रण नेटके होते. ध्वनी स्वच्छ होता. कुत्र्याचा अभिनय माणसांहून सरस होता. लुब्बर्टने दोनदा नाक शिंकरले.

नववा चित्रपट सीत्स्के बाउहाउस या बाईचा होता. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई आठवड्यातून चार दिवस शाळेची बस चालवते, आणि उरलेल्या तीन दिवसांत तिने सहा वर्षे खपून हा चित्रपट केला. वडील गेल्यावर दोघी बहिणी गाई विकायला काढतात, एवढीच गोष्ट. कुणी रडत नाही. विकत घेणारा माणूस गाईंच्या कानातले बिल्ले तपासत गोठ्यातून फिरतो, ताक मागून घेतो, ग्लास धुऊन परत ठेवतो, आणि त्या ग्लास धुण्यात त्याची सगळी शरम दिसते. चित्रपट संपल्यावर दिवे लागले तरी मला उठता येईना. माझ्या बाबतीत असे शेवटचे केव्हा घडले होते ते मी आठवू लागले, आणि उत्तर आले, तेवीस वर्षांपूर्वी.

मग मी चिठ्ठी घेतली आणि सीत्स्केच्या नावापुढे आठ लिहिले.

हे कसे घडले ते सांगायला हवे, कारण घडताना मला त्यात काहीच वावगे दिसले नाही. आमच्या शाळांतून दहापैकी सहा म्हणजे उत्तीर्ण, सात म्हणजे चांगले, आणि आठ मिळाले तर घरी केक येतो. एकतीस वर्षांत मी कुणाला नऊ दिले नाहीत. माझ्या प्रबंधाला साडेसात मिळाले होते आणि आई ते शेजाऱ्यांना हळू आवाजात सांगे, बढाई वाटू नये म्हणून. दहा ही संख्या छापील तक्त्यात असते, पण ती वापरायची असते असे आम्हाला कुणी कधी सांगितले नाही. तेव्हा माझ्या लेखी मी सीत्स्केला सर्वस्व दिले होते. कुत्र्याला, चित्रण नेटके म्हणून, सहा दिले. मी न्यायी आहे.

निकाल शनिवारी दुपारी चारला लागला. कुत्रा चोवीस, गाई तेवीस.

फळ्यावर सारे स्पष्ट होते. कुत्र्याला माझे सहा, लुब्बर्टचे आठ, योप्पेचे दहा. गाईंना लुब्बर्टचे सात, योप्पेचे आठ, आणि माझे आठ. मी ती बेरीज तीनदा केली. दोन गुण. ते माझ्या पेन्सिलीत होते आणि लिहायला कुणाची परवानगी लागणार नव्हती.

योप्पे हातात चीजचा पाव घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. "प्रोफेसर बाई, तुम्हाला गाई आवडल्या नाहीत वाटतं?"

"त्याहून चांगला चित्रपट मी वीस वर्षांत पाहिलेला नाही."

तो घास चावायचा थांबला. "मग आठ? अहो, मी आठ देतो ते मला झोप आली नाही तर!"

"आणि झोप आली असेल तर?"

"तर सात. गाईंमध्ये मधेच जरा आली होती, खोटं कशाला बोलू. पण एक वाढवून दिला, आईचा गोठा आठवला म्हणून."

मी खेरब्रिखला गाठले. ती माइकची वायर गुंडाळत होती.

"माझी चिठ्ठी परत दे. मला गुण बदलायचे आहेत."

"निकाल जाहीर झालाय, विपके."

"निकाल चुकलाय."

"बेरीज बरोबर आहे. लुब्बर्टने मोबाइलवर तपासली."

"तू दिलेल्या तक्त्यात एकाचा दहा म्हणजे 'मजा आली' आणि दुसऱ्याचा आठ म्हणजे... ही बेरीज नव्हे, हे सशांमध्ये किलोमीटर मिळवणं आहे!"

"मग तू दहा द्यायचे होतेस," खेरब्रिख शांतपणे म्हणाली. "कागदावर छापलं होतं, शून्य ते दहा. तुला वाचता येतं ना? का त्यावरही पुस्तक हवं होतं?"

मी आवाज चढवला नाही. मी फक्त तिथून निघाले, आणि दारातच सीत्स्के समोर आली. फुलांचा गुच्छ तिने छत्रीसारखा काखेत मारला होता. तिचा चेहरा पाहून मला वाटले, आता ही मला बोल लावेल, आणि मी ते ऐकायला अगदी तयार होते.

"तुम्ही मला आठ दिलेत!" ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "माझा चुलतभाऊ तुमच्या वर्गात होता. तो म्हणायचा, टर्पस्ट्रा बाईंचे आठ म्हणजे दुसऱ्या कुणाचे दहा. मी आत्ताच त्याला फोन केला."

"तुम्ही हरलात," मी म्हणाले.

"हो, ते आहेच. वाईट वाटलं. पण आठ!" मग ती जरा गंभीर झाली आणि कोटाच्या खिशातून छोटी वही काढली. "एक विचारू का? दोन गुणांचं काय कमी पडलं? मला शिकायचंय."

कमी काहीच पडले नव्हते. पण एकतीस वर्षे मी कापलेल्या प्रत्येक गुणाचे कारण समासात लिहीत आले आहे, आणि कारण न देता गुण कापणारा मनुष्य माझ्या दृष्टीने गुन्हेगार आहे. तोंड आपसूक उघडले.

"तो पहाटेचा प्रसंग," मी म्हणाले. "मोठी बहीण सवयीने रिकाम्या गोठ्यात जाते, एकेक रांगेचे दिवे लावते, उभी राहते, मग एकेक रांग विझवते. तो... थोडा लांबलाय."

खरे तर त्याच प्रसंगाने मला खुर्चीला खिळवले होते.

सीत्स्केने मान डोलावली आणि लिहून घेतले. "चार मिनिटं आहे. मलाही शंका होती. दीडवर आणते. ग्रोनिंगनच्या महोत्सवाला सोमवारी फाइल जायचीय, उद्याच बसून कापून टाकते."

"नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"कापू नका. तो लांब नाही. मी खोटं बोलले."

तिने पेन वहीवर तसेच टेकवून ठेवले. "म्हणजे?"

"कमी काहीच नव्हतं. दहा लिहायला हवे होते. मी आजवर कुणाला लिहिले नाहीत, म्हणून तुम्हालाही लिहिले नाहीत. दहा लिहिले असते तर चौदा चित्रपटगृहं तुमची होती."

तिने वळून फळ्याकडे पाहिले. बेरीज तिने त्या क्षणापर्यंत केलीच नव्हती, तिच्या नजरेत फक्त माझे आठ भरले होते. आता तिचे ओठ हलले, आठ आणि सात आणि आठ, आणि चेहऱ्यावरची चमक कुणी ओल्या फडक्याने पुसावी तशी गेली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला सवय होती."

"हो."

"कुत्र्याला सहा दिलेत. त्याला पाच का नाही? चार?"

"तो उत्तीर्ण होण्याइतका होता."

सीत्स्के हसली, आणि त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हते. तिने वहीचे पान उलटे केले, मग पुन्हा सुलटे केले.

"बरं. तो प्रसंग कापू की नको, एवढं सांगा."

"नको. शपथेवर सांगते."

"पाच मिनिटांपूर्वीही तुम्ही इतक्याच ठामपणे सांगत होतात."

मी पुरावा द्यायला सुरुवात केली. दिव्यांच्या रांगांचा क्रम, बहिणीची पाठ, विझवताना चुकलेली एक रांग जिच्याकडे ती परत येते. मी उत्तम बोलत होते, तेही माझ्या लक्षात येत होते. सीत्स्केने मला मध्येच थांबवले नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि वही खिशात घातली.

"मी घरी जाऊन बघते," ती म्हणाली. "आता ते तुमच्यावर सोडता येत नाही."

ती पायऱ्या उतरून बसथांब्याकडे गेली. कापणार की ठेवणार, ते तिने मला सांगितले नाही, आणि विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.