शकुनच्या वर्षीचं पाणी

शनिवार, ९ जानेवारी १९३७, दुपारचे पावणेचार. बोरखडीच्या घराच्या तळ्याकडच्या बाजूला शालिकराम गवंड्यानं नव्या खोल्यांच्या आखणीची चौथी खुंटी ठोकली आणि सत्यभामेनं ती उपटून त्याच्या हातात दिली.

"इथं बांधू नोका," ती म्हणाली. "इथवर पाणी येते."

शालिकरामनं खुंटी हातात फिरवली आणि तळ्याकडं पाहिलं. पाणी तिथून शंभर पावलांवर होतं. मधल्या सुकल्या गाळात कोणाच्या तरी म्हशी निवांत बसल्या होत्या.

"म्हशीले सांगून ये वैनी, बुडतीन बिचाऱ्या," तो म्हणाला.

गोदावरीबाई पडवीत वांगी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली आणि त्या उठून बाहेर आल्या. सत्यभामेला त्या बावीस वर्षं ओळखत होत्या. मागच्या परसात भाजी आणि रोपं लावायची, त्या बदल्यात घर राखायचं, असं तिच्या सासऱ्याचं आणि गोदावरीबाईंच्या सासऱ्यांचं तोंडी ठरलं होतं. या बावीस वर्षांत तिनं कधी कुणाच्या कामात हात घातलेला गोदावरीबाईंनी पाहिला नव्हता.

घर सासऱ्यांनी १९०८ साली बांधलेलं. अमरावतीपासून नऊ मैल, मोर्शीच्या रस्त्यानं जाऊन डाव्या हाताला. दोन खोल्या, एक पडवी, वर कवेलूंचं छप्पर. थंडीच्या दिवसांत शनिवारी यायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, हा घरचा रिवाज. गोदावरीबाई स्वयंपाकाचं सामान घेऊन सकाळीच पुढं येत. त्यांचे यजमान मोरोपंत वकील कोर्टाचं काम आटोपून बैलांच्या दमणीतून येत आणि निघताना स्टेशनवरून बंडूला घेत. बंडू त्यांचा धाकटा भाऊ, अकोल्याच्या शाळेत मास्तर. तो बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला येई. दोन्ही घरची मुलं मोठी झाली आणि दोन खोल्या पुरेनात, म्हणून दिवाळीनंतर काम काढलं होतं. कवेलू उतरले, सागाच्या नव्या तुळया येऊन पडल्या, तळ्याकडची भिंत पाडून झाली. आता त्या बाजूला चोवीस फूट पुढं येऊन दोन खोल्या आणि एक ओसरी व्हायची होती. तोवर सगळे एकाच खोलीत, ताडपत्रीखाली, तीन-तीन गोधड्या घेऊन निजत. पहाटे ताडपत्रीवरचं दव टपटप अंगावर पडे. तरी गोदावरीबाईंना हे शनिवार फार आवडत. अमरावतीच्या घरात पक्षकारांच्या चहातून डोकं वर निघत नसे. इथं सकाळी उठलं की तळ्यावर धुकं आणि धुक्यात बदकांचा गलका.

खुंटीची हकीकत ऐकून मोरोपंत खोलीतून नकाशा घेऊन आले. पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून आणलेला, १९११ सालचा. तळं भरलं की पाणी कुठवर येतं ती रेघ त्यावर निळ्या शाईनं काढलेली होती. जुन्या जोत्यापासून बावन्न फूट. चोवीस फूट पुढं गेलं तरी अठ्ठावीस फूट शिल्लक राहत होते.

"आणि सत्यभामाबाई म्हणतात, पाणी इथवर येतं," मोरोपंत म्हणाले. घरात ते तिला 'अगं सत्यभामा' म्हणत. 'सत्यभामाबाई' म्हटलं की कोर्ट भरलं, हे घरातल्या सगळ्यांना कळे. बंडूनं लगेच एक घमेलं पालथं घालून त्यावर बैठक मारली.

"चालू द्या. न्यायाधीश आले."

"कधी आलं होतं पाणी?" मोरोपंतांनी विचारलं.

"शकुनच्या वर्षी."

"तुमची शकुन? ती जन्मली ते वर्ष?"

"हाव. आता चौदावं चालू हाये तिले."

"म्हणजे तेवीस साल," बंडूनं बोटांवर मोजून सांगितलं.

"महिना?"

"भादवा. पोळा झाल्यावर."

"आणि शकुनचा जन्म?"

"त्याच आठवड्यातला."

"शकुन तुमची पहिली. माहेर वलगाव. बरोबर?"

"हाव."

"आता हे सांगा. पहिलं बाळंतपण कुठं करतात? तुमच्यात, आमच्यात, कुणाच्याही घरी?"

सत्यभामेनं त्यांच्याकडं पाहिलं, मग शालिकरामकडं, मग घमेल्यावरच्या बंडूकडं. तिनं पदर पुढं ओढला.

"माहेरी," ती म्हणाली.

"मग भादव्यात तुम्ही वलगावला होता. तिथून इथलं पाणी दिसलं?"

बंडूनं थापीनं घमेलं वाजवलं. "साक्षीदार खोटा पडला! खुंटी जागेवर ठोका!"

शालिकराम हसला. सत्यभामाही जराशी हसली आणि हात झटकत परसाकडं निघून गेली.

गोदावरीबाईंना नवऱ्याचं हे काम नेहमीच आवडे. आवाज चढत नसे, एक शब्द जास्त जात नसे. सात-आठ प्रश्नांत माणूस त्याच्याच उत्तरांनी बांधला जाई. पण बावीस वर्षं वकिलाच्या घरात काढल्यानं त्यांचे कानही तयार झाले होते. बाळंतपण कुठं करतात, याचं उत्तर सत्यभामेनं दिलं होतं. तिचं कुठं झालं, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी ऊन परसात उतरलं तेव्हा त्या मागं गेल्या. तिथं जंबेरी लिंबाच्या रोपांच्या अकरा ओळी होत्या, एका ओळीत चाळीस. मार्गशीर्षात सत्यभामेनं या चारशे चाळीस रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केली होती. जंबेरीच्या सालीला नखाएवढी चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा सालीसकट सोलून तिच्यात सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं बांधायचं. बांध सैल राहिला तर डोळा सुकतो, घट्ट बसला तर काळा पडतो. शंभरातले नव्वद जगले तरी लोक कौतुक करत. सत्यभामेचे पंचाण्णव जगत, म्हणून मोर्शीचे बागवाले पावसाच्या तोंडाशी तिच्या दारात येऊन बसत. तिच्या घराचं वर्ष या रोपांवर निघे. नवरा गोवर्धन अमरावतीच्या बाजारात भाजी नेई, पण त्यातून मीठ-मिरचीच भागे.

ती उकिडवी बसून ओल बघत होती.

"सत्यभामा, शकुन कुठं झाली गं?"

तिनं मान वर केली नाही. "इथंच. त्या खोपडीत." बाजूच्या आपल्या झोपडीकडं तिनं हातानंच दाखवलं.

"मग काल बोलली का नाहीस?"

"चार मानसांत? गवंडी हसून राह्यला, भाऊसाहेब घमेलं वाजवून राह्यले. त्याच्यात मी माहं बाळंतपन सांगत बसू? काहीतरीच बाई तुमचं."

मग तिनं सगळं सांगितलं, हातातलं काम न सोडता. त्या वर्षी भावाकडं एकच बैलजोडी होती, ती पोळ्यापर्यंत वावरातून निघाली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो छकडा घेऊन तिला न्यायला आला, तर सांडव्याच्या नाल्याला छातीभर पाणी. पलीकडून त्यानं हाका मारल्या, लुगड्याचं गाठोडं दाखवलं आणि परत गेला. पाचव्या दिवशी शकुन झाली. सासूनं एकटीनं केलं सगळं.

"आन् धुनं सासूबाईनं त्या काळ्या दगडावर धुतलं. दगडावर बसून, पाय पान्यात सोडून. मी खोपडीतून पाहून राह्यली होती. मले वाटे, म्हातारी घसरली त मले अन् पोरीले कोन पाहीन?"

काळा दगड अजून होता तिथंच होता. सपाट, गुडघाभर उंच, जमिनीत रुतलेला. गोदावरीबाईंनी तळ्याकडं येऊन जुन्या जोत्यापासून दगडापर्यंत हातानं मोजलं, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही वेळा दहा हात. म्हणजे पंधरा फूट. चोवीस फूट पुढं आलेल्या खोल्यांत हा दगड मधोमध आला असता.

मोरोपंत उतरवलेल्या कवेलूंच्या ढिगाशी चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तिनं काल सांगायला हवं होतं."

"कुणाला? तुम्हाला, भावजींना आणि गवंड्याला?"

बंडू म्हणाला, "वहिनी, तुम्ही अपिलात चांगल्या चालाल," पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"बरं, पाणी येतं असं धरू," मोरोपंत म्हणाले. "मग खोल्या कुठं काढायच्या? शालिकराम?"

शालिकराम चुन्याच्या खड्ड्याशी होता. दिवाळीपासून पाण्याखाली मुरवत ठेवलेला चुना तो रोज चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळून पाही. त्यानं हात पुसले. "फुडं नाई त मांगं. उत्तरेले विहीर, दक्षिनेले रस्ता. तिसरी जागा असन त मले दाखवा."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मागं अकरा ओळी होत्या.

मोरोपंतांनी कप खाली ठेवला. "खुंटी उपटली तेव्हा तिला हे ठाऊक होतं?"

"आंधळ्यालाही ठाऊक असतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "खोल्या तळ्याकडं झाल्या असत्या तर तिच्या एका रोपाला धक्का लागला नसता. मुकाट राहिली असती तर तिला कुणी काही म्हणालं असतं का?"

जमीन मोरोपंतांच्या नावावर होती. परसाचा कागद कुठंही नव्हता. आपल्या हाताखालच्या नव्या वकिलांना मोरोपंत एक गोष्ट नेहमी सांगत: जो साक्षीदार स्वतःच्या नुकसानीचं बोलतो, त्याला प्रश्न विचारू नका, त्याचं म्हणणं लिहून घ्या. त्या सकाळी ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते उठले, काळ्या दगडापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथं उभे राहिले.

थांबून चालेल का, असं गोदावरीबाईंनी शालिकरामला विचारून पाहिलं. ज्येष्ठात रोपं विकली जातील, मग बांधू. तो नाही म्हणाला. भिंत पाडलेली, वर ताडपत्री. नव्या तुळया टेकवायला भिंत हवी. पावसाळ्यापर्यंत घर असंच उघडं राहिलं तर जुन्या भिंतीही बसतील. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला धामणगावला एका देवळाचं काम धरायचं होतं, तो शब्द देऊन बसला होता.

सोमवारी, ११ जानेवारीला, मोरोपंतांनी पाटबंधाऱ्याच्या कचेरीला अर्ज केला: सप्टेंबर १९२३ मध्ये बोरखडीच्या तळ्याचं पाणी किती चढलं होतं, आणि १९११ नंतर सांडव्याची भिंत वाढवून तळ्याची पातळी उंचावली होती काय, याचा उतारा मिळावा. शालिकरामला त्यांनी दोन्हीकडचं काम थांबवायला सांगितलं. तो जुन्या भिंतींचा गिलावा करत राहिला.

१६ तारखेच्या शनिवारी उत्तर नव्हतं. २३ तारखेला कारकुनानं सांगितलं की जुनी दप्तरं काढावी लागतील. त्याच दिवशी दुपारी गोदावरीबाई परसात गेल्या तर पहिली ओळ मोकळी दिसली. सत्यभामा दुसऱ्या ओळीशी बसली होती. कुदळीनं चारही बाजूंनी माती कापून ती रोप मुळाशी वीतभर गड्ड्यासकट उचलत होती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. पहिली चाळीस विहिरीजवळच्या झाडाच्या सावलीत ओळीनं उभी होती.

"अगं, तुला कुणी सांगितलं हे?"

"कोनी नाई."

"डोळे बांधून सहा आठवडे झाले नाहीत. आता हलवली तर जगतील?"

"सारे नाई जगत." तिनं एक गड्डा दोन्ही तळव्यांवर तोलला आणि अलगद खाली ठेवला. "वकीलसाहेबानं कचेरीले विचारलं ना? कचेरी खरंच सांगीन. मंग गवंडी दुसऱ्या दिवशी चर खोदाले उभा राहीन. तवा मले येळ कुठून भेटीन?"

"आणि कचेरीनं पाणी येत नाही असं सांगितलं तर?"

सत्यभामेनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिला प्रश्नच कळला नसावा, असं गोदावरीबाईंना वाटलं.

"म्या पाह्यलं नं, बाई," ती म्हणाली.

गोदावरीबाईंनी पदर खोचला आणि गोणपाट भिजवायला बसल्या. संध्याकाळी मोरोपंत परसाच्या तोंडाशी आले, दोघींकडं पाहत उभे राहिले आणि परत गेले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. बंडूनं त्याच्यावर काही विनोद केला नाही.

शनिवार, ३० जानेवारी: कचेरीचं उत्तर नाही. मोरोपंतांनी शालिकरामकडं आणखी एक आठवडा मागितला. तो देतो म्हणाला, त्याच्या पुढं नाही. खोल्या कुठल्या बाजूला, याचा हुकूम अजून निघालेला नव्हता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता गोदावरीबाई परसात गेल्या. अकरांपैकी चार ओळी उचलून झाल्या होत्या. सत्यभामा पाचवीशी होती. विहिरीजवळच्या सावलीतली पहिल्या ओळीची रोपं गोदावरीबाईंनी एकेक सोपट किंचित सरकवून पाहिली. चाळिसांपैकी एकतीस डोळे हिरवे होते; एरवी अडतीस असते. सहा सुकले होते. उरलेल्या तीन डोळ्यांचं अजून काही सांगता येत नव्हतं.