उकरायला जन्मलो नव्हतो

मी चिमटा आहे आणि माझी तक्रार आहे. स्वयंपाकघरातला दांडगा चिमटा नव्हे. भुवईतला चुकार केस उपटणारा, बोटाएवढा, तिरप्या टोकांचा. कारखान्यात माझी टोकं जुळतात की नाही हे बघायला एक बाई भिंग घेऊन बसत. त्यांनी मला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा पास केलं. एवढ्या तपासणीतून गेलेल्याच्या नशिबी काय आलं, ते ऐका.

मला विकत घेणाऱ्या बाई दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करतात. वापरण्याआधी आणि नंतर मला स्पिरिटने पुसत, टोपण लावून कपाटात ठेवत. सहा वर्षं अब्रूने काढली. मग त्यांच्या यजमानांना माझा शोध लागला.

हे गृहस्थ मोठ्या हॉटेलात वेटर. तिथे रोज कामाआधी वेटरांचा मुकादम, म्हणजे कॅप्टन, सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि प्रत्येकाच्या गालावरून कापसाचा बोळा फिरवतो. एक तंतू अडकला की त्या दिवशी त्याला जेवणाचा हॉल बंद, मागे जाऊन भांडी घासायची. तीनदा अडकला, तर कायमचं मागे. गृहस्थांचा दोनदा अडकला होता.

त्या धास्तीने ते दाढी करत नसत, गालावर सूड उगवत. पातं महिनाभर जुनं, कातडी ताणलेली, हात केसांच्या उलट दिशेने, तोही दोन वेळा. केस कातडीच्या खाली कापला जाई. पुन्हा उगवताना बिचाऱ्याला दार सापडत नसे. तो आतच वळे आणि वर लाल फोड येई. मानेवर अशा पंधरा-वीस फोडांची वसाहत झाली. त्यांवर गृहस्थांनी टूथपेस्ट लावून पाहिली. दातांचा उपाय मानेला!

मग मला उचललं आणि फोडात खुपसलं. अहो, बाहेर उभा असेल त्याला धरणं हे माझं काम; आत दडलेल्याला उकरणं नव्हे! रक्त आलं की म्हणत, "निघाला, निघाला!" निघे ती कातडी. मला टॉवेलला पुसायचं आणि तसंच पुढच्या फोडाकडे न्यायचं. कचेरीतल्या शाई पुसायच्या फडक्यालाही याहून बरी वागणूक मिळते.

एका सकाळी मान सुजली, पू धरला, कॉलरचं बटण लागेना.

"अहो, हे काय करून ठेवलंत? आणि माझ्या चिमट्याने?"

"बोथट आहे तुझा चिमटा."

ऐकलंत? वर हा आरोप!

"बोथट तुमचं पातं आहे. आणि डोकंही. आजपासून दाढी बंद."

"बंद कशी? वीस वर्षं हॉलमध्ये उभा आहे मी. आता अडकला की गेलो मागे!"

"मान राहिली तर उभे राहाल ना?"

बाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या आल्या, महिनाभर वस्तरा न लावण्याची चिठ्ठी आली. घरी गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक, दिवसातून तीनदा. नखं लावायची नाहीत, मला तर नाहीच नाही.

"कॅप्टन काय म्हणाला?" बाईंनी संध्याकाळी विचारलं.

"म्हणाला, चिठ्ठीने गाल गुळगुळीत होतो का? मी कॉलर उघडली. म्हटलं, साहेब, बघा तरी."

"मग?"

"म्हणाला, झाक आधी, पाहुण्यांना दिसेल."

म्हणजे दुखतं त्याचं काही नाही, दिसतं त्याचं! महिनाभर त्यांना मागे धाडलं. फोड बसले. एका केसाचं वेटोळं आपणहून वर आलं, तेव्हा बाईंनी मला स्पिरिटने पुसून त्याचं टोक फक्त उचललं, उपटलं नाही. एवढंच काम होतं हो माझं!

महिन्याने गृहस्थांनी शहाण्यासारखी दाढी केली: गाल कोमट पाण्याने भिजवून, नव्या पात्याने, केसांच्या दिशेने, एकदाच. माणसासारखा गाल झाला, काचेसारखा नाही. रांगेत तिसऱ्यांदा तंतू अडकला. वीस वर्षांचा हॉल त्या एका तंतूवर गेला. मला संताप आवरत नाही, पण मला विचारतो कोण?

आता ते मागे ताटं घासतात. घरी आले की बाई त्यांच्या मानेवरून बोट फिरवतात. "दुखतंय?" "नाही." एवढंच बोलणं होतं आणि दोघं जेवायला बसतात.

तुमच्याही मोरीत माझा एखादा भाऊबंद ओल्या टॉवेलखाली पडला असेल. त्याला पुसा, कपाटात ठेवा. आत वळलेल्या केसाला शेक द्या आणि थांबा. तो येतो बाहेर. त्याच्यामागे आम्हाला लावू नका.